आईबापाच्या लग्नाला 40 वर्षं, बोटीवर न्यावं का रिसॉर्टला? परभणीहून सहा जण

पूर्णाकाठचा

राम राम मंडळी. पोस्ट थोडी लांबणार, आधीच माफी मागून घेतो.

येत्या डिसेंबरात आईबाबाच्या लग्नाला 40 वर्षं व्हायलीत. दोघं आजवर कुठं फिरले म्हणाल तर तुळजापूर, पंढरपूर, एकदा तिरुपती, अन् बाबा शाळेच्या सहलीसोबत वेरूळला बारा-पंधरा वेळा. बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. माझं कृषी केंद्र हाय, रब्बीच्या पेरण्या उरकल्या की डिसेंबरात जरा उसंत भेटते, जायचं तर तेव्हाच. सहा जण आहोत, आईबाबा, आम्ही दोघं, पोरगी 11 ची अन् पोरगं 5 चं. बजेट घरापासून घरापर्यंत सव्वादोन लाख, लईच ताणलं तर अडीच.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. बायको अन् पोरं म्हणायलेत क्रूझ, तिच्या मावसबहिणीनं स्टेटसला फोटो टाकले तेव्हापासून हे येड लागलंय. मेव्हणा म्हणायलाय क्रूझ-बिझ सोडा दाजी, रिसॉर्ट बघा, सकाळच्या नाष्ट्यापासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सगळं इन्क्लुडेड, हाताला पट्टा बांधला की खिशात हात घालायचं काम नाही. तो मालदीव म्हणतो, नाहीतर गोवा. आता गंमत अशी की बोटवालाबी सगळं इन्क्लुडेड म्हणतो अन् रिसॉर्टवालाबी तेच म्हणतो, मग मधात फरक काय हाय ते मला कुणी नीट सांगंना.

बाबाचं म्हणणं, चहूकडं पाणीच ना, त्यात बघायचं काय. आईचा एकच प्रश्न, भाकर भेटंल का. आईचे गुडघे धरलेत, जिना म्हणलं की तिच्या जिवावर येतं. अन् बाबाचा एक स्वभाव आधीच सांगून ठेवतो, 72 च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेला माणूस, लग्नात बुफेला कुणी ताट भरून घेतलं अन् तसंच टाकलं तर तिथल्या तिथं सुनावतात, तवा अनलिमिटेड जेवणाच्या ठिकाणी ते सुखानं राहतेल का सगळ्यांची शाळा घेतेल ते मला समजंना. जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा, फोटोतलं नको.

जालन्याची सळई

भाऊ, मी मागच्या वर्षी सिंगापूरहून तीन रात्रीची क्रूझ करून आलो, घरचे पाच जण होतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला वाटतं सगळ्या कंपन्यांचं थोड्याफार फरकानं सारखंच असतंय.

इन्क्लुडेड म्हणजे काय ते आधी ऐका. झोपायची खोली, मोठ्या हॉलातलं जेवण, संध्याकाळचा शो, स्विमिंग पूल. झालं. बाटलीतलं कोल्ड्रिंक वेगळं, वायफाय वेगळं, स्पा वेगळा, भारी रेस्टॉरंट वेगळं, अन् बंदरावर उतरून फिरायची टूर तर लईच वेगळी. पोराला मी काहून विचारलं नाही काय माहीत, त्यानं कार्ड दाखवून रोज दोन-दोन मिल्कशेक प्यायले, गड्याला वाटलं कार्ड दाखवलं म्हणजे फुकट. तसं नसतंय, ते कार्ड म्हणजे उधारीची वही. शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं तवा कळलं. त्यात टीपबी असती, माणशी दर रात्रीची, कुणी मागत नाही, आपोआप लागते.

पण एक सांगू का, मजा आली. लई मजा आली. सकाळी उठून डेकवर चहा घेऊन उभं राहिलो अन् जमीन कुठंच दिसंना, तो फील इथं लिहून सांगता येत नाही. सामान एकदा खोलीत टाकलं की तीन दिवस बॅग भरायची नाही, झोपलो एका देशात अन् उठलो दुसऱ्या देशात. म्हातारी माणसं थकली तर खोलीत पडून राहतेत, तरण्यांना गावात उतरता येतंय, कुणी कुणासाठी अडत नाही.

भारताबाहेरून जायचं ठरलं तर सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा बघून घ्या, कारण बोट पेनांग-फुकेत करून परत सिंगापुरातच येते, म्हणजे आपण देशात दोनदा शिरतो. अन् फोन फ्लाइट मोडवर ठेवा, बोटीचं स्वतःचं नेटवर्क असतंय, फोन त्याला आपोआप चिकटला तर रोमिंगचं बिल बघून तिथंच घाम फुटंल.

भाकरीचं म्हणाल तर बाहेरून शिजवलेलं नेऊ देत नाहीत. माझ्या आईनं चाळीस धपाटे केले होते, ते आम्ही टर्मिनलच्या बाहेर बाकड्यावर बसून दीड तासात संपवले, मग दिवसभर बोटीतलं फुकटचं जेवण कुणालाच जाईना.

लातूरची थोरली सून

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन मालदीवला गेलतो, चार रात्री. माझं मत मेव्हण्यांच्या बाजूनं अर्धं हाय, अर्धं नाही.

तिथं एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, दुसरं काहीच नाही, दुकान नाही, गाव नाही, रिक्षा नाही. जेवण सगळं त्यांचंच, म्हणून ऑल इन्क्लुझिव्ह घेतलेलं बरं, नाहीतर एक साधा चहाबी डॉलरमधी पडतो. पण ऑल इन्क्लुझिव्हच्या बाहेर काय ते बघा. विमानतळापासून बेटापर्यंत न्यायचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. माले जवळचं बेट असंल तर स्पीडबोट, लांबचं असंल तर सीप्लेन, अन् सीप्लेनचं जाऊन-येऊन माणशी तीनशे-चारशे डॉलरच्या पुढंच असतंय. त्यात सीप्लेन फक्त उजेडात उडतंय, तुमचं मुंबईचं विमान संध्याकाळी उतरलं तर रात्र माले मधी काढा, ती खोली तुमच्या खर्चानं. शिवाय ग्रीन टॅक्स म्हणून हाय, 2025 पासून रिसॉर्टला माणशी रात्रीला 12 डॉलर. तुम्ही सहा जण तीन रात्री धरले तर 216 डॉलर नुसते तेच. काही पॅकेजात आधीच धरलेला असतो, विचारून घ्या. व्हिसाचं मात्र टेन्शन नाही, उतरल्यावर फुकट भेटतो.

आता बाकीचं. पहिल्या दिवशी सासरे म्हणाले स्वर्ग हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले छान हाय. तिसऱ्या दिवशी सकाळी बेटाला तीन चकरा मारून आले, एक चकर वीस मिनिटांची, अन् मला म्हणाले, "सूनबाई, आता हितं करायचं काय?" मी काय सांगणार. पोहता येत नाही, बुडी मारून मासे बघायचं वय नाही, पेपर नाही, बोलायला चौथा माणूस नाही. सासूबाई मात्र पाण्यात पाय सोडून दिवस-दिवस बसल्या, म्हणाल्या एवढं निवांत मी माहेरीबी बसले नव्हते. म्हणजे एकाच घरातली दोन माणसं अन् दोघांचं दोन तऱ्हेचं.

एक गोष्ट सांगावी वाटली. तिथं प्यायचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून काचेच्या बाटलीत देतेत. सासऱ्यांनी ती बाटली हातात धरून लई वेळ बघितली. आम्ही 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं. मॅनेजरला इंग्रजीत विचारायला लावलं मला, की एका बाटलीला खर्च किती येतो. त्यो हसला फक्त.

हौशी नांदेडकर

एवढ्या पैशात शेतात मस्त हुरडा पार्टी होईल, सगळे पाहुणे येतील, बँडबी लावता येईल. बघा विचार करून.

लातूरची थोरली सून

@हौशी नांदेडकर भाऊ, अन् त्या पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करणार? त्यांची आई अन् बायकोच ना. मग लग्नाचा वाढदिवस कुणाचा झाला?

उदगीरचा डॉक्टर

वर कुणी गुडघ्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय.

मोठ्या बोटीत लिफ्ट असतात, त्यामुळे जिन्याचा प्रश्न फारसा येत नाही, पण चालणं भरपूर होतं. लांबच लांब कॉरिडॉर असतात, खोली एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला असं झालं की आईंची दिवसातून सहा वेळा वारी. बुकिंग करतानाच लिफ्टजवळची आणि बोटीच्या मधोमध असलेली खोली मागा. मधली आणि खालच्या डेकची खोली घेतली तर हलणंही कमी जाणवतं. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर जास्त.

दुसरं, बोट धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकून उभी राहते हे विचारा. गोव्यात मुरगावला धक्का आहे, पायऱ्यांवरून सरळ उतरता येतं. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, लहान होडीतून नेतात, आणि मोठ्या बोटीतून हलणाऱ्या होडीत पाऊल टाकायचं म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाचं काम नाही. समुद्र खवळला तर ते उतरणंही रद्द होतं. म्हणून आईंसाठी तरी लक्षद्वीप नको, फोटो कितीही निळे असोत.

बोट लागणं, म्हणजे मळमळ-उलटी, हा प्रकार होतो, पण डिसेंबरात अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, पावसाळ्यासारखा नसतो. प्रवासात उलटी थांबायची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. त्या गोळ्यांनी झोप येते, आणि वडिलांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा आधी जमा करून घेतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते.

बुफेला जाण्याआधी हात साबणानं धुवा. बोटीवर दारोदार सॅनिटायझर ठेवलेलं असतं, पण बोटीवर पसरणारा उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही, साबण-पाणीच लागतं. हे रिसॉर्टलाही लागू आहे, फक्त बोटीवर हजार-दोन हजार लोक एकाच चमच्याला हात लावतात.

पूर्णाकाठचा

सगळ्यांचे लई आभार, विशेष करून डॉक्टरसाहेबांचे, हे होडीचं आम्हाला एजंटनं सांगितलंच नव्हतं, तो तर लक्षद्वीपच गळ्यात मारायला बघत होता.

काल रात्री जेवताना सगळ्यांचे रिप्लाय वाचून दाखवले. लातूरच्या ताईंचं सासऱ्यांचं वाचलं तवा आई हसून हसून बेजार, म्हणली हे तर आपलेच मास्तर. बाबा गप बसले, मग म्हणाले, "मालदीव कटाप." म्हणजे एक ऑप्शन गेला. आता गोव्यातलं रिसॉर्ट का मुंबईहून क्रूझ एवढंच राहिलं. दोन्हीला पासपोर्ट लागत नाही हे बरंय, आईबाबाचे काढलेलेच नाहीत.

ट्रॅव्हलवाला, संभाजीनगर

नमस्कार. याच धंद्यात आहे, पण इथं काही विकायला आलेलो नाही, नंबर मागू नका.

आधी गोव्याचं. आपल्याकडच्या रिसॉर्टांत ऑल इन्क्लुझिव्ह हा शब्द बोर्डावर असला तरी व्हाउचरवर काय लिहिलंय ते बघा. सीपी लिहिलं असेल तर फक्त नाष्टा. एमएपी म्हणजे नाष्टा आणि एक वेळचं जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. यातल्या एकातही दुपारचा चहा, पाण्याच्या बाटल्या, पोरांचं आइस्क्रीम धरलेलं नसतं, लिहून दिलं असेल तरच. खरं बाहेरदेशासारखं, पट्टा बांधला आणि विसरून गेलो असं देणारी ठिकाणं आपल्याकडं बोटावर मोजण्याइतकी. हा प्रकार निघालाच मुळी तिकडं, क्लब मेड नावाच्या कंपनीनं 1950 साली स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुरू केला, आता तुर्कस्तानात अंताल्याला आणि मेक्सिकोत कानकूनला तर अख्खा किनारा त्याच पद्धतीवर चालतो. रूमचं भाडं रात्रीला साडेसात हजाराच्या वर गेलं की 18 टक्के जीएसटी, त्याच्या आत असेल तर 5, म्हणून सात हजार आणि आठ हजारातला फरक एक हजाराचा नसतो. आणि डिसेंबर म्हणताय तर तारीख जपून धरा. 24 आणि 31 ला बऱ्याच रिसॉर्टात गाला डिनर सक्तीचं असतं, माणशी वेगळे पैसे, तुम्ही खा नाहीतर खोलीत झोपा.

आता बोट. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस नावाची बोट जाते, 2021 पासून. बोट 1990 ची बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियनकडं होती. लांबी 211 मीटर, म्हणजे आपल्या देवगिरी एक्स्प्रेसचे नऊ डबे एकामागं एक लावा, तेवढी. यूट्यूबवर जी वीस मजली बोट आणि तिच्यावरची घसरगुंडी दिसते ती ही नाही, आयकॉन ऑफ द सीज हिच्या पाचपट आकाराची आहे, ती अमेरिकेत. पोरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथं जाऊन तोंड पाडतील. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, भाकरीचं वचन मी देत नाही.

किमतीत एक गोम आहे. जाहिरातीतला आकडा बिनखिडकीच्या खोलीचा आणि दोघांत एक खोली धरून माणशी असतो. त्यावर पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज, जीएसटी चढला की आकडा फुगतो, म्हणून शेवटचा आकडा विचारा, माणशी नको, सहा जणांचा एकत्र. मात्र त्याच खोलीत तिसरा-चौथा माणूस असेल तर त्याचं भाडं कमी लागतं. तुमच्या हिशेबानं दोन खोल्या, आईबाबांसोबत पोरगी आणि तुमच्यासोबत पोरगा. आईबाबांना खिडकीची घ्या, आतली नको. आतल्या खोलीत लाइट घालवली की दिवस का रात्र कळत नाही, म्हातारी माणसं घाबरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण मराठवाड्यातून निघणारी माणसं. पहाटेची वंदे भारत दुपारी सीएसएमटीला सोडते आणि धक्का तिथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून लोक त्याच दिवशी निघायचा विचार करतात. करू नका. बोट सुटायच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं. रिसॉर्टला तुम्ही रात्री दहाला पोचलात तर खोली तुमची वाट बघत असते, बोट कुणाची वाट बघत नाही, आणि गेलेल्या बोटीचे पैसेही परत येत नाहीत. माझ्याच एका गिऱ्हाईकाची गाडी मनमाडच्या अलीकडं दोन तास उभी राहिली, कुटुंबानं बोट धक्क्यावरून जाताना बघितली. आदल्या रात्रीची देवगिरी धरा, सकाळी मुंबईत उतरा, अंघोळीपुरती खोली घ्या, मग आरामात जा. त्या खोलीचे पैसे ट्रिपच्या खर्चात आत्ताच धरा.

जालन्याची सळई

ट्रॅव्हलवाले साहेब बरोबर बोलले. अन् बोटीवर चढल्या चढल्या एक भोंगा वाजतो अन् सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेटचं समजावून सांगतेत. ते सगळ्यांना कम्पल्सरी असतंय, टायटॅनिक बुडाल्यानंतर जगभरच्या बोटींना नियम लागले त्यातलं ते. म्हातारी माणसं घाबरू नयेत म्हणून आधीच सांगून ठेवा, माझ्या आईनं भोंगा ऐकून अंबाबाईचा धावा सुरू केला होता.

पूर्णाकाठचा

ठरलं मंडळी. क्रूझ.

कसं ठरलं ते सांगतो, कारण मलाच अजून खरं वाटंना. मी हिशोब मांडून बसलो होतो, एका वहीत दोन रकाने, आत काय अन् बाहेर काय. गोव्याचं एपी प्लॅनवालं रिसॉर्ट तीन रात्री, जाणं-येणं, टॅक्सी, असं सगळं धरलं तर क्रूझच्या दोन रात्रीपेक्षा दहा-बारा हजारच इकडंतिकडं. म्हणजे पैशावर निकाल लागंना. मग ट्रॅव्हलवाले साहेबांचं ते वाचून दाखवलं, बोट कुणाची वाट बघत नाही. बाबा पेपर वाचायलते, त्यांनी चष्मा काढला अन् विचारलं, "कलेक्टर असला तरी?" म्हणलं हो बाबा, कलेक्टर असला तरी. "मंत्री?" म्हणलं मंत्रीबी. तर म्हणाले, "मग जाऊ."

36 वर्षं शाळेत प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी गेटात उभा राहिलेला माणूस, त्यांना ती शिस्त आवडली. समुद्र, डेक, शो, बुफे, कशाचंच काही नाही. बायको म्हणायली एवढंच होतं तर आधी सांगायचं ना, मी महिनाभर डोकं फोडायले.

बुकिंग 20 डिसेंबरच्या आतलं करायलोय, दोन खोल्या, आईबाबाची खिडकीची अन् लिफ्टजवळची. मिल्कशेकचं पोरांना सांगून झालं. बाबाला बुफेबद्दल हात जोडून सांगितलंय की तिथं कुणाला बोलू नका, तर म्हणाले बोलणार नाही, नुसतं बघीन. ते बघणं आमच्या शाळेतल्या पोरांना विचारा, बोललेलं परवडलं.

आता एकच राहिलंय. आईनं आजपासूनच दळण काढलंय, धपाट्याचं पीठ वेगळं अन् भाकरीचं वेगळं, शेंगदाण्याची चटणी कांडायला घेतलीय दोन किलोची. गेटावर घेत नाहीत हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा कसं सांगावं.

लातूरची थोरली सून

सांगूच नका. जाताना देवगिरीत रात्रभर लागंल, अन् येताना मनमाडपर्यंत पुरंल.